पाणी नितळ, धोका जास्त: एचआयव्हीच्या गोळ्या पाच आठवडे का थांबवतात

"ताई, गोळ्या इथेच मिळतात ना? मग आज का देत नाहीत?"

प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या एका बाईंनी मला हे विचारलं होतं. नवरा आत वॉर्डात. दोन-तीन आठवडे डोकं ठणकत होतं, मग उलट्या, मग असंबद्ध बडबड, मग एका वस्तूच्या दोन दिसायला लागल्या. तपासण्यांत दोन गोष्टी एकाच दिवशी कळल्या: एचआयव्ही आहे, आणि मेंदूच्या आवरणांत बुरशी शिरली आहे. एचआयव्हीची औषधं आपल्याकडे २००४ पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळतात, हे समुपदेशकाने त्यांना सांगितलं होतं. आणि डॉक्टर म्हणत होते, ती पाच आठवड्यांनी सुरू करू. माणूस मरणाच्या दारात आणि औषध कपाटात. त्यांचा जीव तुटणं अगदी साहजिक होतं.

त्या वेळी मी घाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि ते पुरेसं नव्हतं. हा लेख म्हणजे तेच उत्तर, नीट बसून दिलेलं.

आधी ही बुरशी. तिचं नाव क्रिप्टोकॉकस. माती, कुजलेलं लाकूड, आणि विशेष करून कबुतरांची वाळलेली विष्ठा हे तिचं घर. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून वाद पेटला, तेव्हा हिचंही नाव चर्चेत आलं होतं. तिचे कण श्वासातून आपल्यापैकी बहुतेकांच्या फुप्फुसात कधी ना कधी गेलेलेच असतात. धडधाकट शरीर त्यांना मारतं किंवा एका कोपऱ्यात कोंडून ठेवतं. एचआयव्हीवर उपचार झाले नाहीत तर शरीराच्या पहारेकरी पेशी, म्हणजे सीडी-४, कमी कमी होत जातात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका थेंबाच्या छोट्याशा अंशात, एका घन मिलिमीटरमध्ये, त्या पाचशेच्या वर असतात. त्या शंभरच्या खाली गेल्या की कोंडलेली बुरशी सुटते, रक्तात उतरते आणि मेंदूत जाऊन बसते. २०२० साली जगभरात एचआयव्ही असलेल्या सुमारे १ लाख ५२ हजार लोकांना हा मेंदूज्वर झाला आणि त्यातले सुमारे १ लाख १२ हजार दगावले, असा अंदाज आहे. एड्समुळे होणाऱ्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक या बुरशीचा. त्यातला सगळ्यात मोठा वाटा सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेचा, म्हणून या आजाराबद्दल आज आपल्याला जे कळलंय त्यातलं बरंचसं युगांडा, दक्षिण आफ्रिका, मलावी, झिंबाब्वे इथल्या रुग्णांकडून आणि डॉक्टरांकडून कळलंय.

निदान पाठीतलं पाणी काढून होतं. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पाण्यात तरंगतात, त्यातलं थोडं कमरेच्या मणक्यांमधून सुईने काढतात. "पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो" ही भीती मी इतक्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकली आहे की इथे स्पष्ट सांगते: सुई जिथे घालतात त्याच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो. उलट या आजारात पाणी काढणं हा स्वतःच एक उपचार आहे, त्याकडे पुढे येते.

त्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात इंडिया इंक नावाच्या काळ्या शाईचा थेंब मिसळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. सगळीकडे काळोख, आणि त्यात गोल गोल पेशी. प्रत्येकीभोवती पांढरं, स्वच्छ कडं. पावसाळ्याच्या तोंडावर चंद्राला खळं पडतं तसं. ते खळं म्हणजे बुरशीचं आवरण. साखरेच्या लांबलांब साखळ्यांचं बुळबुळीत कवच, ज्यात शाईचे कण शिरू शकत नाहीत. शाईच काय, आपल्या पांढऱ्या पेशींनाही ते सहजी गिळता येत नाही. बुरशी त्या कवचाचे तुकडे पाण्यात सतत सोडत राहते, आणि हे तुकडे पांढऱ्या पेशींना त्या जागी येण्यापासूनच रोखतात. याच तुकड्यांना प्रयोगशाळेत आम्ही क्रिप्टोकॉकल अँटिजेन म्हणतो.

ज्यावर हा सगळा विषय उभा आहे ती गोष्ट आता सांगते. नेहमीच्या जिवाणूंच्या मेंदूज्वरात पाठीतलं पाणी गढूळ येतं, पांढऱ्या पेशींनी भरलेलं. या रुग्णांचं पाणी मात्र पुष्कळदा नितळ असतं. काचपट्टीवर बुरशीची गर्दी आणि पांढऱ्या पेशी मात्र दोन, तीन, कधी एकही नाही. पेशींचा आकडा बघून नवखा माणूस म्हणेल, अरे वा, फारसा दाह नाही. ते सुलक्षण नाही. घरात चोर भरलेत आणि कुणालाच जाग नाही, असा तो शुकशुकाट आहे.

अशा माणसाला लगेच एचआयव्हीची औषधं दिली तर काय होतं? विषाणू झपाट्याने कमी होतो. थोड्याच आठवड्यांत पहारेकरी पेशींना पुन्हा बळ येतं. त्या जागी होतात आणि त्यांना दिसतं की मेंदूच्या पाण्यात बुरशीच बुरशी आहे, तिच्या कवचाचे अब्जावधी तुकडे आहेत. मग त्या एकदम तुटून पडतात. हात-पाय सुजला तर सुजायला जागा असते. डोक्याची कवटी बंद आहे. दाब वाढतो, डोकं फुटेल असं दुखतं, ताप येतो, झटके येतात, दृष्टी जाते, माणूस बेशुद्ध पडतो. बुरशीने जे केलं नाही ते तिच्याविरुद्धच्या लढाईने होतं. याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आयरिस' म्हणतात. मराठीत सांगायचं तर परतलेल्या प्रतिकारशक्तीचा भडका.

मी नातेवाइकांना नालेसफाईचं उदाहरण देते. पाऊस हवाच असतो, त्याच्याशिवाय जगणं नाही. पण नाल्यात वर्षभराचा गाळ आणि प्लास्टिक तसंच ठेवून पहिली मोठी सर आली, तर तेच पाणी घरात शिरतं. म्हणून मे महिन्यात गाळ उपसायचा आणि मग पावसाची वाट बघायची. इथे एचआयव्हीची औषधं म्हणजे पाऊस, आणि बुरशीवरची औषधं म्हणजे गाळ उपसणं. उदाहरण एका ठिकाणी तोकडं पडतं: इथला पाऊस गाळावर चिडून येतो, जितका गाळ जास्त तितका जोर जास्त.

भडका दोन प्रकारचा असतो. एका प्रकारात बुरशीचं निदान झालेलं असतं, उपचार चालू असतात, रुग्ण सुधारत असतो आणि एचआयव्हीची औषधं सुरू केल्यावर पुन्हा बिघडतो. दुसऱ्यात बुरशी आहे हे कुणाला माहीतच नसतं. माणूस फक्त एचआयव्हीच्या गोळ्या सुरू करतो आणि काही आठवड्यांत लपलेला मेंदूज्वर उघडा पडतो. पहिल्याचा अंदाज कसा बांधायचा, यावर गेली पंधरा-वीस वर्षं काम चाललं आहे.

युगांडाची राजधानी कंपाला, तिथल्या मुलागो रुग्णालयात हे काम फार जवळून झालं. मेकेरेरे विद्यापीठाचे डेव्हिड मेया आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे डेव्हिड बोलवेअर यांच्या गटाने बुरशीच्या मेंदूज्वरातून सावरत असलेल्या, एचआयव्हीची औषधं अजून सुरू न झालेल्या १०१ रुग्णांचा पाठपुरावा केला. त्यातल्या ४५ जणांना भडका उडाला. गोळ्या सुरू होण्याआधी घेऊन ठेवलेलं रक्त मग तपासलं, तर पुढे भडका उडालेल्यांचं रक्त आधीपासूनच वेगळं होतं. अँटिजेनचं प्रमाण साधारण चौपट होतं. शरीर लढाईसाठी जे रासायनिक निरोप पाठवतं, त्यातले बुरशीला खरोखर मारायला लागणारे निरोप, उदाहरणार्थ टीएनएफ-अल्फा, कमी होते, आणि चुकीच्या दिशेला नेणारे काही जास्त. सीआरपी हा दाहाचा साधा, कुठल्याही लॅबमध्ये होणारा निर्देशांकही वाढलेला होता.

याच गटाचं २०१० सालचं दुसरं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं, कारण त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत. ८५ रुग्णांच्या पहिल्या दिवशीच्या पाठीतल्या पाण्याचे रिपोर्ट काढून बघितले. ज्यांच्या पाण्यात पांढऱ्या पेशी २५ किंवा त्याहून कमी आणि प्रथिनं ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, म्हणजे ज्यांचं पाणी नितळ, त्यांच्यात नंतर भडका उडण्याकडे पारडं सुमारे सातपट झुकलेलं होतं. पेशी मोजणं आणि प्रथिनं बघणं हे तालुक्याच्या ठिकाणीही होतं. आपण तो आकडा फक्त निदानासाठी वाचतो. त्यात पुढची खबरही लिहिलेली असते.

दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानमधल्या अभ्यासांतून आणखी एक धागा मिळाला. एचआयव्हीची औषधं सुरू करायच्या वेळी पाठीतल्या पाण्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे ते पाणी प्लेटमधल्या पोषक थरावर ठेवून बघितल्यावर, बुरशी अजून उगवत असेल, तर भडक्याचा धोका जास्त. म्हणजे प्रश्न दोन आहेत. गाळ किती उरलाय? आणि शरीराने त्याची दखल घ्यायला सुरुवात केली आहे का? बुरशी भरपूर आणि दखल शून्य ही जोडी सगळ्यात वाईट.

पण मग किती थांबायचं? याचं उत्तर मिळायला माणसं गेली, हे विसरता कामा नये. आधी झिंबाब्वेत ५४ रुग्णांचा एक छोटा अभ्यास झाला. तिथे बुरशीवर फक्त फ्लुकोनाझोल होतं आणि एका गटाला निदानानंतर ७२ तासांच्या आत एचआयव्हीची औषधं दिली. त्या गटातले ८८ टक्के दगावले. दहा आठवडे थांबलेल्यांतले ५४ टक्के. मग युगांडात कंपाला आणि म्बरारा, आणि दक्षिण आफ्रिकेत केप टाउन इथे 'कोट' नावाची मोठी चाचणी झाली, ॲम्फोटेरिसिनसारखं ताकदीचं औषध देऊन. १७७ रुग्ण. निम्म्यांना निदानानंतर एक-दोन आठवड्यांत एचआयव्हीची औषधं, निम्म्यांना साधारण पाच आठवड्यांनी. २०१२ च्या एप्रिलमध्ये देखरेख समितीने चाचणी मध्येच थांबवली, कारण फरक डोळ्यांवर येत होता. सहा महिन्यांत लवकर दिलेल्यांपैकी ४५ टक्के गेले, थांबलेल्यांपैकी ३० टक्के.

आणि पुन्हा तेच नितळ पाणी. लवकर औषध दिल्याचा सगळ्यात मोठा फटका कुणाला बसला, तर ज्यांच्या पाण्यात पांढऱ्या पेशी पाचाहून कमी होत्या त्यांना. त्यांच्यात मृत्यूचा धोका जवळपास चौपट झाला.

इथे एक बारकावा प्रामाणिकपणे सांगायला हवा. या चाचणीत 'आयरिस' म्हणून ओळखल्या गेलेल्या घटना लवकरच्या गटात २० टक्के आणि उशिराच्या गटात १३ टक्के होत्या. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. जास्तीचे मृत्यू बहुतेक पहिल्या महिन्यातच झाले, व्याख्येत नीट बसणारा भडका दिसण्याआधी. नंतरच्या तपासणीत लवकर औषध मिळालेल्यांच्या पाण्यात पेशींची जाग आणि खळबळ जास्त आढळली. माझी समजूत अशी की आपण ज्याला आयरिस म्हणतो ते या खळबळीचं ओळखू येणारं टोक आहे. त्याच्या खालीही बरंच काही घडतं ज्याला अजून नीट नाव नाही. अंदाज बांधताना म्हणूनच "आयरिस होईल का" एवढंच विचारून भागत नाही, "हा माणूस पुढचा महिना काढेल का" हेही विचारावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा सल्ला असा: बुरशीवरचे उपचार सुरू झाल्यापासून ४ ते ६ आठवड्यांनी एचआयव्हीची औषधं. त्या बाईंना डॉक्टरांनी सांगितलेले पाच आठवडे इथून आले होते.

हे आठवडे रिकामे नसतात. ॲम्फोटेरिसिन हे नाव महाराष्ट्राला २०२१ च्या उन्हाळ्यात पाठ झालं, काळ्या बुरशीसाठी लोक ज्याच्या मागे दुकानोदुकानी धावले ते हेच औषध. क्रिप्टोकॉकसवर त्याचा एकच मोठा डोस, जोडीला फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोलच्या गोळ्या, हा मार्ग आफ्रिकेतल्या पाच देशांत झालेल्या 'अँबिशन' चाचणीने दाखवून दिला. दहा आठवड्यांतले मृत्यू २४.८ टक्के, आधीच्या पद्धतीत २८.७. गाळ जितका भराभर उपसला जाईल तितका पुढचा धोका कमी, म्हणून औषधं कोणती आणि किती वेळेवर मिळतात यावरही भाकीत अवलंबून असतं. फ्लुसायटोसिन कितीतरी वर्षं गरीब देशांत मिळतच नसे. जिथे गरज सर्वांत जास्त तिथे ते नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

दुसरं काम दाब उतरवण्याचं. कवचाचे तुकडे पाण्याचे निचऱ्याचे मार्ग तुंबवतात. सुई घातल्यावर तिला काचेची उभी नळी जोडतात. पाणी तिच्यात जितकं वर चढेल तितका दाब. साधारण २० सेंटिमीटरपर्यंत ठीक. त्या बाईंच्या नवऱ्याचं पाणी ३८ पर्यंत चढलं होतं. थोडं पाणी काढून टाकलं की दाब उतरतो आणि कळवळणारा माणूस तासाभरात शांत झोपतो. हे वारंवार करावं लागतं, आणि ते टाळल्याने माणसं दगावतात.

मग धोका दिसतोय तर स्टेरॉइड आधीच देऊन भडका का रोखू नये? क्षयरोगात हे जमलं आहे. केप टाउनला धोका जास्त असलेल्या क्षयरुग्णांना एचआयव्हीच्या औषधांबरोबर प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिलं, तेव्हा भडका ४६.७ टक्क्यांवरून ३२.५ वर आला. पण क्रिप्टोकॉकसमध्ये सरसकट सगळ्यांना सुरुवातीपासून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन बघितलं, आशिया आणि आफ्रिकेतल्या ४५१ रुग्णांत, तेव्हा बुरशी आणखी सावकाश मेली, अपंगत्व वाढलं आणि चाचणी थांबवावी लागली. दोन आजारांना एक न्याय लावता येत नाही. स्टेरॉइड इथे राखून ठेवायचं, गंभीर भडका खरोखर उडाला आणि बुरशी मेल्याची खात्री असेल तेव्हासाठी.

रक्तातल्या त्या रासायनिक निरोपांवरून प्रत्येक रुग्णाचा नेमका धोका सांगणारी तपासणी वॉर्डात अजून आलेली नाही. एका शहरात ठरवलेली सीमारेषा दुसऱ्या शहरात चालेलच असं नसतं, आणि त्या तपासण्या महाग आहेत. पण अँटिजेनचं प्रमाण, पाण्यातल्या पेशी आणि प्रथिनं, दोन आठवड्यांनंतरचं कल्चर, सीडी-४, सीआरपी हे सगळं हाताशी आहे. ते एका कागदावर एकत्र लिहिलं, तर कुणाच्या बाबतीत सहा आठवड्यांकडे झुकायचं आणि कुणाला दर आठवड्याला बोलवायचं हे ठरवता येतं.

याच्याही आधीची पायरी तर आणखी सोपी आहे. युगांडातल्या एका अभ्यासात असं दिसलं की अँटिजेन रक्तात लक्षणांच्या साधारण २२ दिवस आधी सापडतं, काहींत शंभराहून जास्त दिवस. तपासायची पट्टी गरोदरपणाच्या चाचणीसारखीच असते, एका थेंबात दहा मिनिटांत दोन रेघा. सीडी-४ शंभरखाली असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी गोळ्या सुरू करण्याआधी झाली पाहिजे. लपलेला आजार उघडा पडण्याचा जो दुसरा प्रकार वर सांगितला, तो या पट्टीने पुष्कळ अंशी टळतो.

आता त्या नवऱ्याचं सांगते. त्यांच्या पहिल्या पाण्यात पांढऱ्या पेशी होत्या ३. शाईखाली खळ्यांची गर्दी. धोका वरच्या कप्प्यातला, हे केसपेपरवर लिहिलं गेलं. पाचव्या आठवड्यात एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्याच दिवशी समुपदेशकाने दोघांना समोर बसवून सांगितलं: डोकं पुन्हा दुखायला लागलं, ताप आला, दिसायला कमी झालं, तर त्याच दिवशी या. आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नका. हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं. गोळ्या घेतल्या आणि बिघडलं, तर कुणालाही वाटणारच की गोळ्याच बाधल्या. लोक त्या सोडतात, आणि मग परत आणणं कठीण होतं.

तीन आठवड्यांनी डोकं दुखलं. बाई त्याच दिवशी त्यांना रिक्षातून घेऊन आल्या. या वेळी पाणी किंचित धूसर होतं. पेशी ३ वरून ११० वर. शाईखाली काही खळी अजून दिसत होती, आणि नुसतं तेवढं बघितलं असतं तर आजार उलटला असंच कुणीही म्हटलं असतं. पण मेलेल्या बुरशीलाही खळं असतं. अँटिजेनही महिनोन्महिने रेंगाळतं, त्यामुळे पट्टी काही सांगू शकत नाही. जिवंत की मेलेली, हे फक्त कल्चर सांगतं आणि त्याला वेळ लागतो. तोवर दाब उतरवत राहिले, बुरशीचं औषध वाढवलं, एचआयव्हीच्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या.

मी रोज सकाळी कल्चरची ती प्लेट उजेडाकडे धरून बघत होते. तिसऱ्या दिवशी काही नाही, सातव्या दिवशी काही नाही. बाई रोज खिडकीशी यायच्या. चौदाव्या दिवशी मी ती प्लेट काचेतून त्यांनाही दाखवली. पिवळसर, सपाट, कुठेही एक ठिपका नाही.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"बुरशी मेली आहे. हे दुखणं त्यांच्या स्वतःच्या ताकदीचं होतं."

त्यांनी ती बराच वेळ बघितली आणि मग विचारलं, आज संध्याकाळच्या गोळ्या जेवणाआधी द्यायच्या की नंतर.